झेरॉक्सवर न लिहिलेलं वाक्य

“आईच्या हाताला हल्ली मुंग्या येतात, सर. पण रोज नाही,” असं म्हणत मंजुनाथरावांनी स्वतः बनवलेल्या घंटीचं बटण माझ्यापुढे धरलं. बटण धातूचं होतं. मी हात मागे घेतला.

नजरबादला एका निवृत्त मास्तरांच्या हॉलमध्ये आम्ही दर रविवारी जमायचो. सगळे हौशी. आपलं अडलेलं सर्किट आणायचं, एकमेकांना विचारायचं. पोटापाण्यासाठी हेच करणारा मी एकटा. कडकोळच्या एका फॅक्टरीत पॉवर सप्लाय टेस्ट करायचो. त्यामुळे तिथे माझा शब्द शेवटचा. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मंजुनाथरावांचं देवराज मोहल्ल्यात टेलरिंगचं दुकान, वर घर. अंथरुणाला खिळलेल्या आईनं बटण दाबलं की खाली दुकानात घंटी वाजावी, एवढाच हेतू. सर्किटला वीज पुरवणारा भाग माझ्या कागदावरून घेतलेला. दोन महिन्यांपूर्वी मी त्याची आकृती काढून दिली होती आणि सगळ्यांनी झेरॉक्स घेतले होते.

त्यात ट्रान्सफॉर्मर नव्हता. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, शिवाय वस्तूला घरातल्या लाइनपासून वेगळं ठेवतो. त्याच्या जागी कपॅसिटर लावला तर वस्तू लहान होते, पण ते वेगळेपण जातं. मग बारा व्होल्टच्या तारेला हात लावला तरी लाइनचा झटका बसू शकतो. मी ते प्लास्टिकमध्ये बंद असलेल्या नाइट लॅम्पसाठी काढलं होतं. तसं बोललोही होतो. कागदावर लिहिलं नव्हतं. मंजुनाथराव त्या रविवारी आले नव्हते. त्यांच्या हाती फक्त झेरॉक्स पडला.

“घरी लावलंय हे?”

“हो सर. हे दाखवायला दुसरं केलं.”

मी त्यांना घरी फोन करून मेन बंद करायला सांगितलं आणि आम्ही स्कूटरवर निघालो.

आईंपासून बटण दूर नेलं, मेन चालू केला, बटणाला टेस्टर लावला. पेटला नाही. मंजुनाथरावांना हायसं वाटलं. मी दोन पिनांचा प्लग काढून उलटा घातला. टेस्टर पेटला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, इस्त्रीसाठी त्या प्लग काढायच्या आणि परत कसाही लावायच्या. म्हणून मुंग्या एखाद्याच दिवशी. लाकडी खाट होती म्हणून मुंग्यांवर भागलं. ओल्या फरशीवर पाय असता तर जिवावर बेतलं असतं. मंजुनाथराव समजले होते. ते स्टुलावर मान खाली घालून बसले.

आई सगळं ऐकत होत्या. “चित्र तूच दिलेलास की?” त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

“सरी, बरं. मग तूच नीट करून दे. ह्याला बोलू नको.”

त्याच दुपारी मी घंटी साध्या सेलवर करून दिली.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. ते सोपं गेलं नाही. नऊ प्रती निघाल्या होत्या. आठ परत मिळाल्या. नववी नंजनगूडला कुणाच्या तरी मेहुण्याकडे गेली होती. तो म्हणाला, टाकली असेल. असेल.

फॅक्टरीत माझं ड्रॉइंग दुसऱ्या कुणीतरी तपासून सही केल्याशिवाय पुढे जात नसे. रविवारी ते कुणी करत नव्हतं, आणि मीही कुणाला तपासायला सांगितलं नव्हतं. आता माझा कागद आधी सुधाबाई वाचतात. त्या बँकेत काम करतात, गेल्या वर्षी सोल्डरिंग शिकल्या. त्या एकच प्रश्न विचारतात: हे कुठे वापरायचं नाही? त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय कागद झेरॉक्सला जात नाही.