सेक्टर दोनचा विसावा

आईनं स्वतःच्या मरणाची तयारी स्वतःच केली. आजार यकृताचा होता. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि तिला हे कळू द्यायचं नाही असं मी आणि बाबांनी ठरवलं होतं. आमचं हे नाटक तिनं थोडे दिवस चालू दिलं. मग एका सकाळी तिनं मला पलंगावर बसवलं आणि म्हणाली, तुमचं लपवून झालं असेल तर आता कामाचं बोलू.

कामाचं म्हणजे तिला कसं न्यायचं ते. नवऱ्याच्या आधी बाई गेली की आमच्यात तिला हिरवी साडी नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. ओटीला तिची ना नव्हती. हिरव्या साडीला होती. हिरवा रंग तिला जन्मात आवडला नाही, लग्नातही बळजबरीनं नेसवला होता म्हणे, तेव्हा आता तरी जांभळी नेसवा. झेंडूच्या माळांचा ढीग घालायचा नाही, मी काय दसऱ्याचा ट्रक आहे का? नाकात कापूस घालाल तेव्हा बाबांना आत थांबवू नका, त्यांना बघवणार नाही. ती हे सगळं भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगत होती आणि मी चिडत होते. मला रडायचं होतं, आणि ही बाई मला साडीचा रंग सांगते!

शेवटी तिनं खरी गोष्ट सांगितली. तिला विसावा सेक्टर दोनला हवा होता.

विसावा म्हणजे घर आणि मसणाच्या मधे तिरडी एकदा खाली टेकवतात ती जागा. तिथं पाणी शिंपडतात. डोक्याकडचे खांदेकरी पायाकडे येतात, पायाकडचे डोक्याकडे जातात, आणि मग उचलतात ते सरळ मुक्तिधामातच ठेवतात. विसाव्यापर्यंत माणूस घराचा असतो, त्याच्यानंतर नसतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. बाकी सगळं आई हसत हसत बोलली, हे मात्र हसली नाही.

भिलाईत, सेक्टर दोनच्या कंपनीच्या क्वार्टरमधे तिचा सगळा संसार झाला. नागपूरकडून लग्न होऊन ती थेट तिथंच उतरली. बाबा पोलाद कारखान्यात भट्टीवर होते, शिफ्ट कधी सकाळची, कधी रात्रीची. बाबांची सायकल वळणावर दिसेपर्यंत ती फाटकाशी उभी राहायची. प्लांटमधे कधी भोंगा अवेळी वाजला की सगळ्या लाइनीतल्या बायका आपापल्या फाटकाशी यायच्या, कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी त्याच क्वार्टरमधे जन्मले, तिथंच शिकले, तिथंच लग्नाचं वय उलटून जाऊ दिलं. बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. मग भिलाईतच, रिसालीत घर बांधलं. आपलं, पक्कं, वर गच्ची. आई त्या घराला वेटिंग रूम म्हणायची. सामान ठेवलंय, बसलोय, गाडी आली की जाऊ. रिसालीत आल्यावर तिचं पोट दुखायला लागलं आणि ते घर तिच्या मनातून कायमचं उतरलं.

मी म्हटलं, आई, तिथं आता दुसरी माणसं राहतात.

"तं विचारून ये त्याइले," ती म्हणाली. "मी थकली इथं. पण बसीन तिथं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मी गेले विचारायला. स्कूटर फाटकाशी लावली आणि बराच वेळ आत जायचा धीर होईना. लोक जुन्या घरी जातात ते आंबे मागायला, नाहीतर फोटो काढायला. मी मागायला गेले होते तुमच्या दाराशी आमचं मढं ठेवू द्या म्हणून. तिथली बाई ओडिशाची, माझ्याहून बरीच लहान, कडेवर पोर. मी हिंदीत सगळं सांगितलं. तिची सासू आतून ऐकत होती, तिच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसत होत्या. मी मनाशी म्हटलं, झालं, आता नाही म्हणणार, आणि म्हणाली तरी तिचं काय चुकलं? पण ती बाई एवढंच म्हणाली, "दीदी, पहले तो उन्हीं का घर था." मला तिथंच हुंदका फुटला. आईसमोर इतके दिवस आवरलं आणि रडले कुठं तर परक्या बाईच्या ओसरीत.

आईला येऊन सांगितलं. त्या रात्री ती गोळी न घेता झोपली. त्यानंतर विषय निघाला की ती फक्त म्हणायची, ते पक्कं हाय न? मी म्हणायचे, पक्कं. त्या एका शब्दावर ती निवांत होती. देवाचं नाव तिनं घेतलं नाही, माझा शब्द घेतला.

ती सकाळी गेली. फोन झाले. दुपारपर्यंत काका नागपूरहून आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमच्या खानदानात कोणी गेलं की त्यांना बोलवायचं. तिरडी कशी बांधायची, गोवऱ्या कुठं लावायच्या, मडकं कोणी धरायचं, सगळं त्यांना पाठ. त्यांची मला गरज होतीच, कारण भिलाईत माणूस मेला की सगळ्या भारताचे सल्ले मिळतात. शेजारचे तेलुगू काका म्हणत होते, डोकं दक्षिणेला करा. समोरचे बिहारी काका म्हणत होते, आधी दिवा कुठंय? मागच्या घरातली छत्तीसगढी मावशी हळद मागत होती. सगळी मायेची माणसं. पण कोणाचं ऐकावं? काका आले आणि मला बरं वाटलं, की चला, आता आपल्या पद्धतीनं होईल.

मी काकांना सांगितलं होतं. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. मी म्हटलं, काका, गाडी सेक्टर दोनला क्वार्टरसमोर थांबवायची आहे, आईची इच्छा होती. ते तिरडीची सुतळी ओढत होते, मान डोलावली. शववाहनाच्या ड्रायव्हरलाही पत्ता दिला. मग आईला जांभळी साडी नेसवली, ओटी भरली, मळवट भरला. बाबांना कापसाच्या वेळी बाहेर नेलं. सगळं तिनं सांगितलं तसं. आता फक्त एक राहिलं होतं. तिरडी उठायच्या आधीच मी स्कूटर काढली आणि पुढं निघाले, कारण विसाव्याला पाणी मलाच शिंपडायचं होतं. बायका मसणात जात नाहीत, पण आईच्या जुन्या फाटकाशी उभं राहायला मला कोण अडवणार होतं?

त्या बाईनं फाटकासमोरची जागा झाडून ठेवली होती. पाण्याची बादली भरून ठेवली होती, वर तांब्या. सासू आत गेली होती, पोराला घेऊन. आम्ही दोघी उभ्या. लाइनीतल्या दोन जुन्या बायका होत्या, त्याही आल्या, डोक्यावर पदर घेऊन. आई जशी उभी राहायची तशीच मी वळणाकडे बघत उभी होते.

गाडी आली. थांबली. मी तांब्या उचलला. पण मागचं दार काही उघडेना. पुढून काका उतरले, हात जोडून म्हणाले, घे बाई, दर्शन घे, उशीर होऊन राहिला.

मी म्हटलं, दर्शन नाही, विसावा. उतरवा.

"विसावा तं झाला," काका म्हणाले.

कुठं? तर आमच्या रिसालीच्या कोपऱ्यावर. पाइपलाइनसाठी गल्ली खणून ठेवलेली, गाडी आत येईना. शेजाऱ्यांनी खांदा देऊन तिरडी कोपऱ्यापर्यंत आणली. ड्रायव्हर गाडी वळवत होता, म्हणून त्यांनी तेवढ्यापुरती ती खाली ठेवली, रसाच्या गाड्याजवळ. त्यांच्यात त्याचं काही नसतं. तेलुगू काकांना काय माहीत, बिहारी काकांना काय माहीत? खांदा दुखला, ठेवली. मागून आमचे काका आले, पाहतात तर तिरडी जमिनीवर. त्यांनी लगेच पाणी मागवलं, शिंपडलं, खांदेकरी बदलले. गाडीतून न्यायचं, मग विसावा घराजवळच करून घेतात, हल्ली सगळे असंच करतात, असं त्यांना वाटलं. सेक्टर दोनचं मी म्हटलं ते दर्शनासाठी, असं त्यांनी धरलं.

रसाच्या गाड्याजवळ! ज्या कोपऱ्यावरून तिला दवाखान्यात न्यायची ऑटो मिळायची, तिथं तिला शेवटचं बसवलं.

मी ओरडले. भर रस्त्यात, आईच्या मढ्यासमोर, त्या जुन्या बायकांसमोर. तो विसावा नव्हताच, चुकून ठेवली होती, आत्ता उतरवा, मी तिला शब्द दिलाय. काका चिडले नाहीत, हेच वाईट. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "पाणी पडलं, खांदे बदलले, म्हणजे झाला. दोनदा टेकवत नाही पोरी. दुसऱ्यांदा जमिनीले लागली तं ते घरातलं अजून एक माणूस मागते."

मग मी गाडीच्या मागं गेले, दार मीच ओढलं. बाबा आत बसले होते, तिरडीवर हात ठेवून. काकांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला माहीत आहे तिला काय हवं होतं. तुम्ही सांगा, ते ऐकतील. बाबांनी क्वार्टरकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं, खूप वेळ. आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चलो."

गाडी गेली. ती ओडिशाची बाई विचारत होती, दीदी, क्या हुआ? मी बादलीतलं पाणी तिच्या झाडांना घातलं आणि घरी आले.

तेरवी झाली, काका गेले. मी बाबांशी कामापुरतं बोलत होते. आईवर ज्याचा एवढा जीव, त्याला एक वाक्य बोलता आलं नाही? शेवटी एका दुपारी, पान वाढून झाल्यावर, माझ्या तोंडून गेलंच. म्हटलं, तुम्ही भ्यालात. अजून एक मागते असं काका म्हणाले आणि तुम्हाला तुमच्या जिवाची भीती वाटली. तिच्यापेक्षा तो मोठा झाला.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"माह्यासाठी कावून भिईन मी?" ते म्हणाले. "घरात आता मी अन् तू, दोघंच तं उरलो. मले नेलं असतं तं बरंच झालं असतं. पण त्यानं तुले मागितलं असतं तं?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. असलं काही मी मानत नाही. बाबाही जन्मभर मानत नव्हते, भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाला असल्या भित्या परवडत नाहीत. पण गाडीत बसून त्यांनी खूप वेळ माझ्याकडं पाहिलं होतं, तेव्हा ते हेच मोजत होते, एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मी. आईचा विसावा माझ्यापायी गेला. त्यांनी पुन्हा घास उचलला, मीही बसले जेवायला. बाबांवर राग होता तोवर निदान काहीतरी धरून होते मी. आता तोही राहिला नाही.