छत्रीच्या काडीवरचा पास्ता

माझी दोनाता मावशी गेली चार वर्षं परदेशी पाहुण्यांना स्वयंपाक शिकवते. तिला इंग्रजीतला एक शब्द येत नाही. ती बोलते आणि मी, शाळेत इंग्रजी शिकवणारी तिची भाची, भाषांतर करते. म्हणून पुढं जे सांगणार आहे त्यातली निम्मी लाज माझी आहे.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर, हात अजून लोखंडासारखे. नवरा जर्मनीतल्या कारखान्यात जन्मभर राबला, निवृत्त होऊन इटलीत, आमच्या पिएत्राफोस्का गावात परतला आणि दोन वर्षांत गेला. मुलगे दोघंही मिलानोत. बारा माणसांचं टेबल आणि जेवायला ती एकटी. एका ईस्टरला मीच म्हटलं, "मावशी, हे परदेशी लोक येतात, चर्चचे फोटो काढतात आणि उपाशी पोटी डोंगर उतरतात. त्यांना घरी बोलावू या. तू शिकव, ते करतील, मग सगळे मिळून जेवू."

"मला काय येतं शिकवायला?"

"फेरेत्ती शिकव की. सगळ्या गावात तुझ्यासारखी कुणाची होत नाही."

ती एकदम टेबल पुसायला लागली. मला वाटलं, लाजली.

फेरेत्ती म्हणजे आमच्या डोंगरातला पास्ता. रव्याच्या कणकेचा बोटाएवढा तुकडा घ्यायचा, त्यावर लोखंडी काडी ठेवायची, तळव्यानं एकदाच पुढं लोटायचं आणि काडी ओढून घ्यायची. मागं पोकळ नळी राहते. वर चीज घालत नाहीत. शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणीबरोबर खरपूस भाजून घालतात आणि वाळवलेल्या लाल मिरच्या तळून, कुस्करून. चीज न परवडणाऱ्यांचं जेवण ते.

इंटरनेटवर माहिती टाकायला बसले तेव्हा विचारलं, "हे कुणाकडून शिकलीस असं लिहू?"

मावशी भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "लिही, आईकडून."

तिची आई, म्हणजे माझी आजी, किराणा दुकानाची मालकीण होती. तिच्या घरी चीजची अख्खी चाकं टांगलेली असायची. पावाचा चुरा ती कोंबड्यांना घालायची. हे मला माहीत होतं. तरी मी लिहिलं, आणि वर माझ्या पदरचं जोडलं: "तीन पिढ्या, एकच चूल." वाचायला फार छान वाटत होतं.

ती फेरेत्ती खरी रोक्कीनाची.

रोक्कीना आमच्या वरच्या गल्लीत राहते. तिचे वडील दुसऱ्यांची मेंढरं राखायचे. शाळेत ती डब्यात चुऱ्याचा पास्ता आणायची, थंडगार, चिकटून गोळा झालेला. दुसरीत असताना मावशीनं तो डबा बघितला आणि अंगणात ओरडली, "चुरा आली रे, चुरा!" बाकीच्यांनी उचलून धरलं. मावशी तेव्हा सात वर्षांची. पण ते नाव रोक्कीनाला चिकटलं ते चिकटलंच. पोस्टमन तिला चुरा म्हणतो, खाटीक म्हणतो. तिच्या लग्नात पाद्रीबाबांच्या तोंडून चुकून तेच निघालं होतं आणि लोक पोट धरून हसले होते.

पुढं मावशीला धाकटा मुलगा झाला आणि बाळंतज्वर चढला. नवरा जर्मनीत, आई वारलेली, माझी आई तोरिनोत. भावजय दाराबाहेरूनच विचारपूस करून जायची. तेव्हा रोक्कीना आली. कुणी बोलावलं नव्हतं. एकेचाळीस दिवस येत राहिली. मावशीच्या कपाळावरच्या घड्या तिनं बदलल्या, घामानं भिजलेल्या चादरी धुतल्या, बाळाला न्हाऊ घातलं. ताप उतरल्यावर पलंगावर परात ठेवून, मोडक्या छत्रीची काडी घेऊन तिनं मावशीला फेरेत्ती वळायला शिकवलं. "बोटांना जोर येईल," म्हणाली. त्यांच्या घरी लोखंडी सळई कधी नव्हतीच, छत्रीची काडीच वापरायचे. जाताना ती काडी ती मावशीकडं ठेवून गेली.

हे सगळं मला गेल्या सप्टेंबरात कळलं; तोवर नाव डब्यावरून पडलं एवढंच माहीत होतं. मावशीनं आधी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात एका शनिवारच्या वर्गाला चार डच पाहुणे होते आणि शिवाय तोरिनोहून नोएमी नावाच्या मुलीनं दोन जागा घेतल्या होत्या. बरोबर साडेदहाला दार वाजलं. मी उघडलं. पंचविशीची एक मुलगी हसत उभी होती आणि तिच्या मागं, चर्चला जायचा निळा झगा घालून, हातात पर्स धरून, रोक्कीना.

"आजीला वाढदिवसाची भेट!" नोएमी म्हणाली. "आयुष्यभर सगळ्यांना करून घातलं हिनं. म्हटलं, एक दिवस कुणीतरी हिला शिकवू दे. गावातच एवढा चांगला वर्ग आहे हे मला माहीतच नव्हतं!"

रोक्कीना माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "पोरीनं आधीच ठरवून टाकलं होतं गं. नाही कसं म्हणू?"

मी त्यांना आत नेलं. मावशीनं वर बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तेव्हाच ती "ये गं रोक्कीना" म्हणाली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण डच मंडळी बघत होती, मुलगी बघत होती. मावशीनं ॲप्रन पुढं केला आणि म्हणाली, "या, बसा. तुमचं स्वागत आहे."

तुमचं. सदुसष्ट वर्षं अगंतुगं केलेल्या बाईला.

रोक्कीनाच्या भुवया जराशा हलल्या. मग तिनं ॲप्रन बांधला आणि टेबलाच्या टोकाला जाऊन बसली.

मावशीनं रोजच्यासारखी सुरुवात केली. माझी आई अशी कणीक मळायची, माझी आजी अशी. मी भाषांतर करत गेले. वाक्यं पाठ होती, ती येत राहिली. रोक्कीना मान खाली घालून कणीक मळत होती. मग काड्या वाटल्या. रोक्कीनानं काडी हातात घेतली आणि तिचे हात आपोआप चालू लागले. एक, दोन, तीन, नळ्या एका मापाच्या, एकमेकींशेजारी पडत गेल्या. उंच डच बाई बघतच राहिली.

"आजी, तू तर अशीच करतेस की!" नोएमी ओरडली. "अगदी अशीच!"

मावशीच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

"गावात सगळ्याच बायका अशी करतात," रोक्कीना म्हणाली. "त्यात काय एवढं?"

तिनं मावशीला झाकून घेतलं होतं. तिथं तरी मावशीनं थांबावं की नाही? पण घाबरलेल्या माणसाला थांबता येत नाही. ती टेबलाला वळसा घालून रोक्कीनाच्या मागं गेली, तिच्या मनगटावर हात ठेवला आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "जरा हलका हात ठेवा, बाई. असा. आता जमलं बघा."

रोक्कीना म्हणाली, "बरं." आणि पुढच्या चार-पाच नळ्या तिनं मुद्दाम वाकड्या केल्या.

त्या वाकड्या नळ्या बघून मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

चुरा भाजायची वेळ आली. मावशी पातेल्याशी उभी होती. नोएमी पाहुण्यांशी तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा मारत होती, मधेच माझ्याकडं वळून म्हणाली, "इम्माताई, एक मजा सांगा ना त्यांना. माझ्या आजीला गावात सगळे चुरा म्हणतात! लहानपणी ती चिमुकली होती ना, पावाच्या चुऱ्याएवढी, म्हणून लाडानं. हो ना आजी?"

"हो गं," रोक्कीना म्हणाली.

म्हणजे तिनं घरच्यांना हे असं सांगितलं होतं. मुलाला, सुनेला, नातीला. मी ते इंग्रजीत सांगितलं. डच बाई म्हणाली, किती गोड.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. मावशी पातेल्यासमोर उभी होती, हातात डाव होता, पण तो हलत नव्हता. चुरा काळा पडत चालला होता. रोक्कीना उठली, पातेलं आचेवरून उतरवलं, खिडकीखालच्या कपाटाच्या खालच्या खणातून शिळा पाव काढला, शेजारच्या खिळ्यावरची किसणी घेतली आणि नवा चुरा किसायला लागली. कुठं काय आहे ते तिला विचारावं लागलं नाही. पन्नास वर्षांत मावशीच्या स्वयंपाकघरात एक खिळासुद्धा हललेला नाही.

जेवण फार चांगलं झालं असं सगळे म्हणाले. मावशीनं घास घेतला नाही. जाताना नोएमीनं तिला मिठी मारली. रोक्कीनानं ॲप्रनची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि "येते" म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला जायच्या ऐवजी मावशी माझ्या दारात आली. "चल माझ्याबरोबर. एकटीनं जाववत नाही." चढावर तिनं मला ते एकेचाळीस दिवस सांगितले. शाळेतलं नावही तिनंच पाडलं होतं, तेही तेव्हाच सांगितलं. "मी पाडलं, मी," असं दोनदा म्हणाली. श्वास लागला होता, तरी थांबली नाही.

रोक्कीना अंगणात बसून दोऱ्यात मिरच्या ओवत होती. नोएमी सकाळच्या बसनं गेलेली. आम्हाला बघून ती उठली नाही, बसाही म्हणाली नाही.

"रोक्कीना," मावशी म्हणाली, "मी चोरली तुझी फेरेत्ती. चार वर्षं आईच्या नावावर खपवतेय."

"फेरेत्ती काय माझ्या बापाची जहागीर आहे? भूक लागली की सुचते. घे तुला हवी तर."

"आणि ते नाव."

"नावाचं आता काय? थडग्यावर खरं लिहितील." तिनं एक मिरची ओवली. मग सुई खाली ठेवली. "दोना, माझी नात समोर असताना तू मला 'तुम्ही' म्हणालीस. तुझी घाण धुतलीय मी या हातांनी. आणि तू माझं मनगट धरून मला शिकवलंस. मी रात्रभर त्या मनगटाकडं बघत होते. एवढी वाईट आहे का गं मी, की मला ओळखसुद्धा दाखवू नये?"

मावशी उभीच होती. तिला रडू आलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वाईट मी आहे."

"ते खरंय," रोक्कीना म्हणाली आणि पुन्हा सुई उचलली. "जा आता. मिरच्या उन्हात राहायला हव्यात, तुम्ही दोघींनी ऊन अडवलंय."

पुढच्या शनिवारी सहा पाहुणे होते. कणीक मळताना मावशी थांबली आणि म्हणाली, "यांना सांग, हे मी आईकडून शिकले नाही. वरच्या गल्लीत रोक्कीना राहते, मी आजारी असताना ती आली होती, तिनं शिकवलं. मी तिला लहानपणापासून चिडवायचे. तिचं नाव मी चोरलं. सगळं सांग."

सगळे माझ्याकडं बघत होते, हसरे, उत्सुक. मी इंग्रजीत म्हणाले, "या म्हणतात, ही पाककृती त्यांच्या मनाच्या फार जवळची आहे."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "मी एवढं बोलले आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"इंग्रजीत थोडक्यात होतं, मावशी."

"इम्मा. माझ्यासारखं करू नकोस."

माझे कान तापले. शाळेत पोरांना खोटं बोलताना पकडते ना मी, तसं मला तिनं सहा अनोळखी माणसांसमोर पकडलं होतं. मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. वेबसाइटवरच्या तीन पिढ्या मी पदरच्या घातल्या हेही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टेबलावरच्या कणकेकडं बघत विचारलं, "मग त्या बाई आज का नाहीत इथं?"

मावशीनं विचारलं होतं तिला. त्या आठवड्यात तीनदा वर गेली होती. "तू येऊन शिकव, मी भांडी घासेन," म्हणाली. रोक्कीनानं सरळ नकार दिला. "परक्यांपुढं मिरवायची हौस तुला, मला नाही." तो नकार अजून तसाच आहे. पण दर गुरुवारी मावशी वर जाते. आधी बाहेरच्या बाकावर बसायची, मग थंडी पडली तेव्हा आत. दोघी फारसं बोलत नाहीत. मावशी मिरच्या निवडून देते, कोळसा आणून देते. रोक्कीना तिला अजून कामं सांगते आणि ती मुकाट करते. खाटकानं परवा चुरा म्हणून हाक मारली तर मावशी भर दुकानात त्याच्यावर तुटून पडली. रोक्कीना म्हणाली, "उगाच तमाशा करू नकोस." त्यावर मावशीनं मानच खाली घातली.

इंटरनेटवरची माहिती मी बदलली. आता रोक्कीनाचं नाव आहे, तिच्या परवानगीनं, आडनावाशिवाय. पण त्याखाली पाहुण्यांचे अभिप्राय असतात आणि त्यात एक नोएमीचा आहे. बसमध्ये बसून लिहिलेला, पाच तारे देऊन. "दोनाताबाईंनी माझ्या आजीचा हात हातात घेऊन इतक्या आपुलकीनं शिकवलं! आजी घरी आल्यावर कितीतरी वेळ गप्प होती, बहुतेक भारावून गेली असावी."

मी मावशीला तो वाचून दाखवला आणि म्हटलं, "काढून टाकायची विनंती करू का?"

ती टेबलावरचं पीठ हातानं गोळा करत राहिली.

"नको," म्हणाली. "राहू दे तिथंच."