वहिनी, पापण्या दिसतात का?

गुरुवार, ७ डिसेंबर. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. भावजींचा नवा कॅमेरा आला. खोकं पुतणीनं उघडलं. दुपारी मला खिडकीपाशी बसायचं आहे. बाकीचं संध्याकाळी.

एवढं लिहून वहिनींनी डायरी मिटली, केसांवरून कंगवा फिरवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

घरात नवा कॅमेरा आला की त्यानं पहिला चेहरा बघायचा तो वहिनींचा, हा दिराचा नियम. पहिला कॅमेरा आला तेव्हा त्या लग्न होऊन नुकत्या आल्या होत्या आणि भावजींना धड मिसरूडही फुटलं नव्हतं. तो कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, धान्याच्या पोत्यासारखा जड. त्यात वहिनींचा चेहरा असा दाणेदार आला होता की सासूबाई म्हणाल्या, "हिला देवी आल्यात का रे?" मग कॅसेटचे कॅमेरे आले, मग कॅसेट गेली. दर वेळी चित्र सुधारत गेलं आणि वहिनींना सुरकुत्या पडत गेल्या. "कॅमेरे एकाहून एक येतायत, मॉडेल तेवढं जुनं होतंय," असं त्यांचे यजमान शेवटपर्यंत म्हणायचे.

चाचणीची रीतही ठरलेली. आधी वहिनींनी हनुवटीखाली पांढरा रुमाल धरायचा. भावजी तेवढा रुमालच कॅमेऱ्यात भरून घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरं कशाला म्हणायचं ते कळायचं आणि बाकीचे रंग आपोआप जागेवर यायचे. या रुमालानं कुणी तोंड पुसायचं नाही. आणि त्याला नीळ तर मुळीच घालायची नाही. एकदा चुकून घातली गेली होती. त्या निळसर रुमालावर कॅमेऱ्यानं पांढरं ठरवलं आणि एका लग्नातलं सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं पिवळं उठलं. तेव्हापासून वहिनी तो वेगळा धुवायच्या, वेगळा वाळत घालायच्या.

रुमाल झाला की पापण्या. भावजी हातानं फोकस फिरवायचे आणि विचारायचे, "वहिनी, पापण्या दिसतात का?" टीव्हीवर एकेक पापणी सुटी दिसली तरच कॅमेरा पास. "नाक काय, कुणीही दाखवेल," ते म्हणायचे.

बाहेर त्यांना सगळे पुतळा म्हणत. कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून ते असे उभे राहत की शेजारी फटाका फुटला तरी चित्र हलायचं नाही. "पुतळा आला का? मग सुरू करा," असं कार्यक्रमवाले म्हणत. बाजारातला भारीतला भारी कॅमेरा आणून मिरवणाऱ्या मंडळींची भावजींनी जन्मभर टर उडवली. "कॅमेरा काही उठून शूटिंग करत नाही. मागे कोण उभंय ते बोला."

हळूहळू कामं गेली. जो तो आपल्या फोनवर आपलं शूटिंग करू लागला. शेवटी उरलं एकच, नृत्यशाळेचं वार्षिक संमेलन. गेल्या वर्षीचं चित्रण बघून पालक चिडले. मुली धुक्यात नाचल्यासारख्या दिसत होत्या. "जुन्या कॅमेऱ्यानं दगा दिला," भावजी म्हणाले. त्या कॅमेऱ्याविषयी वाईट बोलताना वहिनींनी त्यांना प्रथमच ऐकलं. नृत्यशाळेच्या बाई या वर्षी म्हणाल्या, नव्या कॅमेऱ्यावर आधी नमुना दाखवा, मग ठरवू. म्हणून भावजींच्या मुलीनं बापासाठी हा कॅमेरा घेतला.

भावजींनी आधी त्यातलं आपोआप चालणारं जे जे होतं ते बंद करवलं. मेनू मुलीला वाचायला लावला. "माझा चष्मा आत राहिलाय गं," ते म्हणाले.

चष्मा नाकावरच होता. मुलीनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी रुमाल हनुवटीखाली धरला.

चित्रण झालं, टीव्हीला जोडलं. पडद्यावर वहिनींचा चेहरा वाफ धरलेल्या काचेमागे असावा तसा. आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं लख्ख, की कालच्या चौकोनात वहिनींनीच पेन्सिलीनं लिहिलेलं 'दूध जास्त' वाचता येत होतं.

"फर्स्ट क्लास!" भावजी टीव्हीकडे तोंड करून म्हणाले. "वहिनी, पापण्या दिसतात का?"

मुलगी बापाच्या पाठीमागून हातानं खुणावत होती, हो म्हणा काकू, हो म्हणा. पण लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी वहिनींना अक्षर वळवायला आणि खरं बोलायला शिकवताना एकच पट्टी वापरली होती.

"नाही, भावजी. कॅलेंडर दिसतंय."

"थट्टा नको."

"थट्टा नाही."

"तुम्ही हललात."

"तुमच्यासमोर हलायची माझी टाप आहे का?"

पुन्हा घेतलं. या वेळी खिडकीचा गज स्वच्छ आला. तिसऱ्यांदा काहीच स्वच्छ आलं नाही.

"कॅमेऱ्यातच खोट आहे," भावजी मुलीला म्हणाले. "बदलून आण."

मुलीनं कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला. मग तिनं एक बटण दाबलं आणि कॅमेरा काकूवर रोखला. टीव्हीवर एक हिरवा चौकोन आला, वहिनींच्या डोळ्यावर जाऊन बसला आणि पापण्या एकेक सुट्या झाल्या.

"आता दिसतात," वहिनी म्हणाल्या.

"कुणी घेतलं हे?"

"मी, बाबा."

"तुला कधीपासून फोकस जमायला लागला?"

"मी काही केलं नाही. बटण दाबलं फक्त."

भावजी खाली बसले. मुलगी घाईनं म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसता धरा ना. हात अजून हलत नाही तुमचा. फोकस तो बघेल. चौकोन चेहऱ्यावर आहे ना, तेवढं तुम्ही बघायचं."

"स्टेजवर पंधरावीस पोरी गरगर फिरत असतात. चौकोन कुणावर बसलाय ते दिसायला नको?" ते वहिनींकडे वळले. "मध्ये नुसता डाग आहे, वहिनी. कडेची खिडकी दिसते, दार दिसतं. बघायला जावं तर तेवढ्याच जागी तुम्ही नसता."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. गेल्या महिन्यात."

"एकटे गेलात?"

"वाढत जाणार म्हणाले. औषध नाही यावर." त्यांनी शेजारी ठेवलेल्या जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा मांडीवर ओढून त्याला उगाच गाठ मारली, सोडली. "मला वाटलं, थोडं माझं असेल, थोडं त्या जुन्या काचेचं. काचेचं तरी निघेल असं वाटलं."

आपण हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा वहिनींनी विचार करून पाहिला. शनिवारी संमेलन होतं. सोमवारी पालकांनी तेच सांगितलं असतं, चारचौघांत.

फोन भावजींनीच केला. नंबर मुलीनं लावून दिला.

"बाई, यंदा दुसरा कुणी बघा... नाही, कॅमेरा चांगला आहे. कॅमेरा नवा आहे. मागे उभं राहणारा गेला."

पलीकडचा आवाज वहिनींना खुर्चीपर्यंत ऐकू आला. "अहो, हे आज सांगताय? दोन दिवसांत आता मी कुणाला पकडू?"

"हो," भावजी म्हणाले. "चुकलंच."

फोन बंद झाला होता तरी त्यांनी तो थोडा वेळ कानाशी तसाच धरला. मुलीनं कॅमेरा पुन्हा खोक्यात भरला. थर्मोकोलचा एक तुकडा काही केल्या बसेना, तो तिनं वेगळाच ठेवला. भावजींनी चष्मा काढला, हाताला लागला तो रुमाल उचलला आणि आधी काचा पुसल्या, मग डोळे. कुठला रुमाल आहे ते त्यांना दिसलं की नाही, कोण जाणे. वहिनींनी त्यांना थांबवलं नाही.

संध्याकाळी डायरीत त्यांनी वळणदार अक्षरात सकाळच्या ओळींखाली लिहिलं: भावजी लवकर निजले. गॅस संपत आला आहे, नंबर लावायला हवा. पांढरे कपडे भिजवले. रुमालही त्यातच टाकला. उद्या नीळ घालून धुवायचे.