सुईला कळू नये

चंद्राकाकूंच्या कपाटावर स्टीलचे चार पेले कायम एकावर एक उभे असायचे. पाणी प्यायला कुणी त्यातला एक उचलला की काकू अंगावर यायच्या. भूकंपात त्यांचं गाव गेलं, घर गेलं, गणपत नावाचा धाकटा भाऊ ढिगाऱ्याखाली गेला. काकू लातूरला आल्या, पण कपाटावर पेले रचणं सुटलं नाही. जमीन हलली की पेले पडणार, आवाज झाला की माणूस बाहेर पळणार. आमच्याकडे बऱ्याच घरांत ही रीत होती.

मी चाकूरहून येऊन त्यांच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी टाकली. पहिलं दळण पडलं आणि पेले खणाखण खाली आले. अख्खी गल्ली रस्त्यावर! गिरणीचा प्रताप आहे हे कळल्यावर काकूंनी मला जे ऐकवलं, ते लिहिण्यासारखं नाही. मीही तापटच, पण दुसऱ्या दिवशी मुकाट गिरणीखाली रबर घातलं. पेले पडायचे थांबले.

तरी काकू धुमसतच होत्या. गणपत भजनं गायचा. मुंबईच्या कुण्या कंपनीनं त्याची एक रेकॉर्ड काढली होती, ती परगावच्या मावशीकडे होती म्हणून वाचली. त्याचा फोटोसुद्धा उरला नव्हता, उरला तो एवढा आवाज. काकू रोज दुपारी रेकॉर्ड लावायच्या, इकडे माझी गिरणी सुरू झाली की सुई उडायची आणि रेकॉर्डवर ओरखडा पडायचा. ओरखड्यागणिक भावाचा एखादा शब्द जायचा.

हे ऐकून मी दुपारी गिरणी बंद ठेवतो म्हटलं, तर लोकांनी काय कच्चे गहू खायचे का, म्हणून काकूंनी मलाच झापलं. मग दोघंही खटपटीला लागलो. गोधडी घातली, फोम घातला, सुई उडतच होती. शेवटी स्कूटरची जुनी ट्यूब, तिच्यावर शहाबादी फरशी आणि फरशीवर प्लेअर असं मांडलं. मी ट्यूब टम्म फुगवली होती.

"हवा कमी कर," काकू म्हणाल्या. "फुगलेल्यालाच धक्का लई लागतो."

हे ट्यूबला होतं की मला, विचारायची हिंमत झाली नाही. हवा सोडली आणि सुई ठरली. पेलेही फरशीवरच ठेवू म्हटलं, तर काकूंनी माझा हात धरला.

"न्हाई बाबा. सुईला कळू नये, पण मला कळाया पायजे."

त्यानंतर एका सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. रेकॉर्ड लागली होती. पेले धाडकन पडले. गिरणी तर बंद आहे, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. मी काकूंना दंडाला धरून बाहेर ओढू लागलो. त्या उंबऱ्याशी अडून बसल्या.

"सोड मला. गणपत आत हाय!"

सोडलं नाही, तसंच रस्त्यावर आणलं. गल्ली सगळी बाहेर उभी होती. जमिनीतून घुरघुर आली, खिडक्या थरथरल्या, मग सगळं थांबलं. त्या शांततेत आतून गणपतचं भजन येत होतं, एकही नवा शब्द न गाळता.

काकू रस्त्यातच मटकन बसल्या. पदर तोंडाला लावून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं.

"ह्या बारीला वाचला बग," त्या म्हणाल्या.

काकू जाऊन आता वर्ष होईल. प्लेअर माझ्याकडे आहे, ट्यूबमध्ये हवा कमीच ठेवतो.