चिंच लावलेला स्पेक्ट्रोमीटर

पितळ चकचकीत दिसलंच पाहिजे, हा आमच्या घरचा हट्ट. पोलादपुरात दसऱ्याच्या आधी घरातली झाडून सगळी पितळी भांडी परसदारी निघायची. चिंच आणि रांगोळी लावून मी ती काथ्याने अशी घासायची, की आई एकेक भांडं उन्हात धरून बघायची आणि मग म्हणायची, "हां, आता झालं." माझे हात त्या कामात तरबेज. त्याच हातांनी मी काय करून ठेवलं हे सांगायला मला साठी उलटावी लागली, यातच माझी लायकी आली.

महाडच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी शिकवायला लागले तेव्हा तात्पुरती होते. रोज पोलादपूरहून एसटीने यायचं. प्रयोगशाळा खरी चालवायचे ते तिथले शिपाई. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. शिक्षण सातवी. पण काळ्या पडद्यामागे जो जुना परदेशी बनावटीचा पितळी स्पेक्ट्रोमीटर होता, त्याला त्यांच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. प्रकाश लोलकातून सोडून त्याचे रंग सुटे करायचे आणि कोणता रंग किती अंशांनी वळला ते खालच्या गोल चकतीवर मोजायचं, हे त्या यंत्राचं काम. चकतीच्या कडेने चांदीची पट्टी होती आणि तिच्यावर केसाहून बारीक रेघा. भिंग लावल्याशिवाय वाचता यायच्या नाहीत.

सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी जळतो, पिवळा व्हायला दहाएक मिनिटं घेतो. मी सकाळी आत शिरतानाच विचारायची, "काय मामा, पिकला का दिवा?"

"अजून कच्चा हाय बाई. तवर च्या घ्या."

रोज हेच. एखाद्या दिवशी मी घाईत विसरले तर तेच टोकायचे, "आज दिव्याची चौकशी नाय वाटतं!"

मामांच्या रजा ठरलेल्या. मार्चमध्ये चवदार तळ्यावर बाहेरगावच्या माणसांना पाणी द्यायला, आणि दसऱ्याला नागपूर. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. मामा त्या पूजेत नसत, पण टेबलं स्वच्छ पुसून ठेवून मगच रजेवर जात. त्या वर्षी नागपूरच्या गाडीला निघताना त्यांनी प्रयोगशाळेची चावी माझ्या हातात ठेवली.

"हार घाला, काय घालायचं ते घाला," म्हणाले, "पण पितळेला पाणी नाय लावायचं हां. कोरडं फडकं, बास."

मी हो हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुठून ती दुर्बुद्धी सुचली देव जाणे, तो स्पेक्ट्रोमीटर मला कळकट वाटला. सगळ्या पितळेवर तपकिरी झाक होती. तो बनवणाऱ्याने मुद्दाम दिलेला लेप होता, पितळ टिकावं म्हणून. मला तो मळ वाटला! एमएस्सी झालेली मी, आणि नजर परसदारातली. घरून डब्यात भिजवलेली चिंच आणली होती, ती लावली, वर रांगोळी घेतली आणि तासभर घासलं. चकतीसुद्धा सोडली नाही. यंत्र असं झळकलं म्हणता! वर झेंडूची माळ, हळदकुंकू. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, म्हणाले, "वा, आज लक्ष्मी दिसतेय." मी दिवसभर हवेत.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला एक मुलगी भिंग डोळ्याशी धरून म्हणाली, "बाई, आकडे दिसत नाहीत." मी भिंग घेऊन बघितलं. रांगोळीने चांदीवरच्या रेघा खाल्ल्या होत्या. कुठे अर्धी रेघ, कुठे नुसती चमक.

सर भडकले. हाक मारली ती मामांना. "तुम्ही घासलंत हे?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, वाट बघत. मला एवढंच म्हणायचं होतं, सर, चावी माझ्याकडे होती. पण कायम करण्याची माझी फाईल त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर होती, आणि मी मूग गिळून जमिनीकडे बघत राहिले. मामांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाले, "चावी माझ्याकडं असते साहेब. जबाबदारी माझी."

एवढ्यावर भागलं नाही. सरांनी वस्तूंचं रजिस्टर उघडलं आणि शेरा सांगितला. लिहिला कुणी? मी. माझं अक्षर चांगलं ना! ‘शिपायाने अज्ञानाने घासल्यामुळे मापनपट्टी निकामी.’ पुढच्याच आठवड्यात मामांना प्रयोगशाळेतून काढून गेटवर बसवलं. रिटायर होईपर्यंत ते तिथेच होते. मी कायम झाले.

नंतर पुराच्या पाण्याने कॉलेजचा तळमजला धुऊन नेला. वरच्या मजल्यावरची जुनी यंत्रं आणि रजिस्टरं तेवढी वाचली आणि ती मुंबईतल्या एका संग्रहालयाने मागून नेली. मी तोवर रिटायर होऊन पोलादपुरात निवांत होते. गेल्या वर्षी भाची मला हौसेने ते संग्रहालय दाखवायला घेऊन गेली. काचेच्या कपाटांत जुन्या दुर्बिणी, लोलकांच्या मखमली पेट्या, आणि मधोमध आमचा स्पेक्ट्रोमीटर. त्याच्या शेजारी रजिस्टरचं तेच पान उघडून ठेवलेलं. भाची कौतुकाने वाकून वाचायला लागली. "किती सुरेख अक्षर आहे गं मावशी! पण काय एकेक अडाणी माणसं असतात."

मी तिला पुढच्या कपाटाकडे नेलं.

घरी येऊन संग्रहालयाला पत्र लिहिलं. शेरा खोटा आहे, घासलं मी, लिहिलंही मीच. पण पाठवायच्या आधी मामांना वाचून दाखवायला हवं होतं. इतकी वर्षं त्यांची वाडी माझ्या एसटीच्या वाटेवरच होती, आणि मी एकदाही उतरले नव्हते. रिक्षाने गेले. मामा ओट्यावर बसले होते, डोळ्यांनी अधू. मुलगा एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला. सुनेने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी नाव सांगायच्या आधीच मामांनी आवाज ओळखला.

मी पत्र वाचलं. मामांनी मान हलवली.

"मला ठाऊक होतं बाई. स्क्रूच्या फटीत चिंचेची शीर अडकली होती. सायबांनी बघायच्या आधी टाचणीनं काढून टाकली मी."

मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. "मग बोलला का नाहीत हो मामा?"

"तुमी बोलाल म्हणून."

मी त्यांच्या पायांना हात लावला. ते पाय आखडून घेऊन म्हणाले, "ह्ये नका करू." मी म्हटलं, माझ्यामुळे तुम्हाला गेटवर बसावं लागलं, तुमचं यंत्र गेलं, तुमच्या नावाला बट्टा लागला. एकेक मोजून सांगत होते, जणू पाढे म्हणत होते.

"गेटचं काय नाय बाई," मामा मध्येच म्हणाले. "नोकरी ती नोकरी. पत्र पाठवा, नातवंडांना दाखवीन. पण तुमी सकाळी एसटीतून उतरून गेटातून जायचात ना, खाली मान घालून, ते लय लागायचं. आदी दिव्याचं विचारायचात. गेटवर दिवा नव्हता, ते खरं हाय. तरी मला रोज वाटायचं, आज विचारतील."