हात लागला असेल

प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान यांच्या जागा वेगळ्या असतात. जे डोळ्यांनी पाहिले त्याला ‘आहे’ म्हणायचे. जे पाहिले नाही पण संभवते, त्याला ‘असेल’. बारामतीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकताना हा भेद माझ्या अंगवळणी पडला होता. म्हणूनच तो शब्द माझ्या तोंडून चुकून गेला, असे मला कधी म्हणता आले नाही.

पदवी घेतल्यावर मी निमगाव केतकीच्या पुढच्या एका गावातील माध्यमिक शाळेत तासिकेवर शिकवू लागले. नव्वदचे दशक संपत आले होते. शाळेला कुठल्याशा कार्यालयाने वापरून टाकलेला एक संगणक भेट मिळाला होता. तो प्रयोगशाळेत झालरीच्या कापडाखाली झाकून ठेवलेला असे आणि सुरू व्हायला इतका वेळ घेई की मुले तोवर एकोणतिसाचा पाढा म्हणून मोकळी होत. नवे प्रोग्रॅम त्यावर चालतच नसत. मुख्याध्यापकांनी मला सांगितले होते की हे यंत्र कामाचे झाले, तर संगणक शिक्षिका म्हणून पूर्णवेळ पदासाठी ते संस्थेकडे माझे नाव पाठवतील. मी ताबडतोब होकार दिला. तोवर मी त्या संगणकाचे झाकणही उघडून पाहिले नव्हते.

प्रयोगशाळेचे शिपाई होते मामा. शाळेत सगळेच त्यांना मामा म्हणत. प्रयोगशाळेची किल्ली वीसेक वर्षे त्यांच्या करदोट्याला बांधलेली होती. तराजूची वजने, आम्लाच्या बाटल्या, बेडकांच्या बरण्या, सगळ्यांची जागा त्यांना अंधारातही सापडे. ते आमच्याच बौद्ध समाजातले. आमच्या गावी, सणसरला, माझे वडील रस्त्यात भेटले की सायकलवरून उतरून जय भीम करत आणि माझी चौकशी करत. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मला सर्वांसमोर पहिल्यांदा ‘मॅडम’ त्यांनीच म्हटले. बाकीचे त्यांचे ऐकून म्हणू लागले.

जुना प्रोसेसर काढून त्याच्या दुपटीहून वेगवान असा दुसरा बसवायचा, हा माझा बेत होता. बारामतीत एक मुसलमान दुरुस्तीवाले चाचा होते, त्यांच्याकडून मी तो आणला. त्यांनी समजावले की नुसता बसवून भागणार नाही. संगणक जागा होताना आपल्यात काय काय जोडले आहे हे ज्या मजकुरावरून ओळखतो, तो बायोस एका लहान चिपमध्ये कोरलेला असतो. तो जुना असल्याने त्याला नवा प्रोसेसर ओळखता येणार नाही. आधी तो पुसून नवा लिहावा लागेल. त्यासाठी त्यांनी एक फ्लॉपी दिली आणि बजावले की लिहिताना लाईट जाता कामा नये. अर्ध्यावर राहिले तर संगणकाचा मुख्य बोर्डच मुका होतो. शाळेत बॅटरीवाला यूपीएस आहे ना, असे त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. शाळेत होता फक्त एक स्टॅबिलायझर, जो विजेचा दाब सांभाळतो, वीज साठवत नाही. हे मला पक्के ठाऊक होते. पण आमच्या शाळेत यूपीएस नाही, हे सांगायची मला लाज वाटली.

भारनियमनाचा वार टाळून मी मंगळवार निवडला. सकाळपासून फ्लॉपी वाचली जात नव्हती. ती वाचली गेली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चारला आठ मिनिटे होती. मामा काचसामान पुसत उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, चारला लाईट पलटतीया. जरा दम धरा.”

पलटणे म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. विहिरींवरच्या मोटारींना तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळते. पाळी बदलताना सगळीकडची वीज क्षणभर जाते आणि लगेच येते. आमच्या घरी हा शब्द दिवसातून दोनदा निघे. वडील कारखान्यातून आले की पहिल्यांदा, लाईट पलटली का, असे विचारत. तरी मी मामांना म्हणाले, “त्याला फेज बदलणं म्हणतात, मामा. आणि मला दोनच मिनिटं लागणार आहेत.”

ते हसून म्हणाले, “तेच ते. तारांवरच्या मानसाला तुमचं घड्याळ कुठं दिसतंय?”

पडद्यावर प्रश्न आला की जुन्या बायोसची प्रत ठेवायची का. ठेवली असती तर आणखी वेळ गेला असता. मी ‘नाही’चे बटण दाबले. लिहिणे सुरू झाले. दिव्याचा उजेड मंद वाटत होता, विजेचा दाब उतरला असावा, म्हणून मी मामांना पंखा बंद करायला सांगितले. ते बटणांच्या बोर्डापाशी गेले, त्यांनी हात वर केला, आणि सगळेच बंद झाले.

बिडी पेटवायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. लाईट आली. स्टॅबिलायझरचा काटा वर चढला, आत टक् असा आवाज झाला. संगणकाचा पंखा फिरू लागला. पडदा काळाच राहिला. सुरू होताना तो जी एक बारीक शिटी देई, तीही आली नाही.

मुख्याध्यापक मैदानावरून आले. ते उन्हात होते. लाईट जाऊन आल्याचे त्यांना कळलेच नव्हते. झाले का, असे त्यांनी विचारले. मामांचा हात अजून बोर्डावरच होता. मी तो पाहिला, सरांनी तो पाहिला हेही पाहिले, आणि म्हणाले, “मध्येच बंद पडला, सर. मामांचा हात लागला असेल.”

मी ‘लागला’ म्हटले नव्हते. व्याकरणाने मला तेवढी आडोशाची जागा दिली होती आणि मी ती घेतली.

मामांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग हात खाली घेऊन ते म्हणाले, “लागला असंल, सर.”

सरांनी किल्ली मागितली. करदोट्याची गाठ जुनी होती, ती नखांनी सुटेना. आम्ही दोघे उभे राहून ती सुटायची वाट पाहत होतो. सुटल्यावर सरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ती गरम होती. दुसऱ्या दिवसापासून मामांना फाटकावर बसवण्यात आले.

मी संगणकातला मुख्य बोर्ड काढून बारामतीला घेऊन गेले. काय झाले, असे चाचांनी विचारताच मी सांगितले की लाईट गेली. तिथे खरे बोलण्यासाठी मला काहीच मोजावे लागत नव्हते. त्यांनी चिप काढून तशाच दुसऱ्या बोर्डात बसवली, नव्याने लिहिली, आणि दोन दिवसांत संगणक बोलू लागला. नवा प्रोसेसर त्याने नीट ओळखला. उन्हाळ्यात माझ्या पूर्णवेळ नेमणुकीचे पत्र आले.

पत्र आल्यावर मी फाटकापाशी गेले. ते आधी नाही, हेही नोंदवले पाहिजे. मामांना म्हणाले की मी सरांना खरे काय ते सांगते. ते लिंबाखाली स्टुलावर बसले होते. म्हणाले, “आता नगं. मी माझ्या तोंडानं म्हणलोय, हात लागला असंल. आता मला खोटं पाडू नका.”

मी परत फिरले. त्यांचा मान राखला, असे मी स्वतःला सांगितले. त्या वाक्याने माझी सुटका होत होती, आणि ते बोलतानाही त्यांना हे ठाऊक होते, एवढे मला तेव्हाही कळत होते.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक प्रेमानेच बोलले. शेवटी विनोद म्हणून म्हणाले, “आमच्या मामांचा हात असा, की कॉम्प्युटरसुद्धा गार पडला.” सगळे हसले. हार घातलेले मामा हसले. मीही हसले. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

हशा ओसरण्याआधी मामा माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, आत मशीन चालू हाय का? चारला पाच कमी हायत.”

मी उठले आणि संगणक बंद करायला निघून गेले. मामांचे भाषण मी ऐकले नाही.