सभामंडपातला ट्रक

एकादशीची भगर अंगावर आलीय. दुपारची आडवी झाले आहे, पण झोप म्हणावी अशी नाही. मोबाइलवर कीर्तन लावलंय. बुवांचा आवाज मध्येच लांब जातो, मध्येच उशाशी येऊन बसतो. समोर यांचं काचेचं कपाट. आत यांनी जन्मभर जमवलेले खेळण्यातले ट्रक, पत्र्याचे, लाकडाचे, काही परदेशी, अजून डबीतच असलेले. थोड्या वेळाने भाचा निरंजन खोकी घेऊन येईल आणि सगळे घेऊन जाईल.

मीच बोलावलंय त्याला. दहाव्याला यांच्या पिंडाला कावळा शिवला नाही. नणंदबाईंनी मला सांभाळायचा शब्द दिला, भावजींनी घराकडे बघायचा दिला. कावळे आपले बाभळीवर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. "ट्रकांत जीव अडकलाय दादाचा," नणंदबाई म्हणाल्या. "देऊन टाक, म्हणजे सुटेल." तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. इतकी कीर्तनं ऐकली मी, आणि माझाच माणूस वाटेत लटकलेला.

कपाटाची काच कुणीतरी आतून पुसतंय.

बघते तर हे. शर्टाच्या बाहीनं, नेहमीसारखे.

"पाय वर घे गं," म्हणतात, "गाडी काढतोय."

मी पाय वर घेते. माझा पलंग राममंदिराच्या सभामंडपात आहे. बुवा उभे राहतात त्या जागी हिरवा ट्रक उभा, खराखुरा, टप छताला टेकलेला, झेंडूची माळ घातलेला. मागच्या हौद्यात पेटीवाले आणि तबलजी सूर जुळवतायत. कुणालाच काही वाटत नाहीये.

स्टिअरिंगवर हे बसलेत. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जन्म काढला, पण चाक कधी हातात धरलं नाही.

"अहो, तुम्हाला साधी सायकल येत नव्हती."

"सायकलला तोल लागतो. चढ वर."

चढते. आत उदबत्तीचा आणि डिझेलचा वास एकत्र. मंडपाचे खांब मागे सरकू लागतात आणि घाट लागतो. रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडांऐवजी माझे डाळींचे डबे मांडलेत, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले. विचारूनच टाकते.

"कावळा का शिवला नाही हो? काय राहिलं तुमचं? ट्रक आज निरंजनला देतेय. मग तरी जाल ना पुढे?"

हे ब्रेक दाबतात. आमटीत दोनदा मीठ पडल्यावर बघायचे तसे बघतात.

"मला पुढे जायचंय असं कुणी सांगितलं तुला?"

"कावळा बिचारा येत होता," हे म्हणतात. "मीच म्हटलं, बस बाबा तिकडेच."

"अहो, पण मोक्ष..."

"तुझेच बुवा सांगतात ना, खरा भक्त मोक्ष मागत नाही म्हणून."

"ते देवाच्या पायांसाठी. टायरांसाठी नाही." मग माझ्या लक्षात येतं. "तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर खांबाला टेकून घोरायचात."

"पूर्वरंगात. उत्तररंगातल्या गोष्टी सगळ्या ऐकल्यात."

एवढी वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नाही.

"हा कुठला ट्रक?" काहीतरी बोलायचं म्हणून विचारते.

हे गाडी बंद करतात. घाटात एकदम शांत होतं.

"हे राहिलं होतं," म्हणतात. "तू कधी विचारलंच नाहीस, हा कुठला, तो कुठला. एकेकाची गोष्ट आहे. बुवांसारखी रंगवून सांगेन. एका ट्रकाला एक दुपार. मला घाई नाही, तुला आहे का?"

मागे तबल्यावर थाप पडते. "झाला पूर्वरंग," म्हणत हे गिअरच्या बुडाशी बोट फिरवतात आणि मध्यंतरात बुक्का लावतात तसं माझ्या कपाळाला टेकवतात. हे गेल्यापासून तिथे कुणी हात लावलेला नाही. मी अंग चोरते.

बेल वाजतेय. पलंग आमच्याच खोलीत आहे, कपाट बंद. मी भिंतीला धरत जाऊन दार उघडते.

"मामी, खोकी आणलीत," निरंजन म्हणतो. "जपून भरतो, काळजी करू नका."

"खोकी बाहेरच राहू दे. ट्रक कुठे जायचे नाहीत."

"अहो, पण आईला काय सांगू? मामाचा जीव..."

"सांग, मामालाच जायचं नाहीये."

तो वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघतो. "मामी, बऱ्या आहात ना? कपाळाला काय लागलंय?"

मी बोट लावते. काळं, चिकट. नाकाशी नेते. बुक्का नाही. वंगण आहे, अजून कोमट.